गुडघ्याची जागा

घरामागच्या शेडमध्ये बाबा अकरा वर्षं दोन सीटचं विमान बांधत होते. शेजारी विचारत, एवढं मोठं झालं, हे रांगणार कधी आणि उडणार कधी? आज कॉकपिटची आतली बाजू मजबूत करायची होती. लेकीने पॉलिशपेपर घेतला, तर प्लायवूडवर आईचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: ‘इथे माझा गुडघा आपटतो. बघा जरा.’ आई जाऊन तीन वर्षं झाली होती. “नुसतं बघतो, बघतो म्हणत राहिलो,” बाबा पुटपुटले. ती अक्षरं सोडून त्यांनी आजूबाजूला घासलं आणि वर फायबरग्लासचं पांढरं कापड अंथरलं. ओळ धुक्यात बुडाली. बाबांनी कापड चिकटवणाऱ्या पातळ रेझिनचा ब्रश फिरवला, तसं कापड नितळ झालं आणि ढगांतून खालचं गाव दिसावं तसं एकेक अक्षर उमटत गेलं. दुसऱ्या दिवशी लेक आईच्या सीटवर बसली. तिचा गुडघा नेमका तिथेच आपटला. “बघा जरा,” ती गुडघा चोळत म्हणाली.