वाचून दाखव

पिंकी धडा वाचत होती आणि तिचे आईवडील शाळेच्या खोलीत सतरंजीवर बसून ऐकत होते.

आवाज स्वच्छ होता. स्वल्पविरामाला ती थांबत होती, प्रश्न आला की सूर वर नेत होती. पान संपलं तेव्हा उलटायचं विसरली, पुढचं वाक्य मात्र अचूक म्हणाली. तिच्या वर्गाच्या देवानंद सरांनी घाईनं वाकून पान उलटलं.

त्यांच्या शेजारी योगिनी बसली होती. ती दर रविवारी वाशीमहून मेडशीला यायची. ज्या मुलांना अक्षरं ओळखणं जड जातं त्यांना शिकवायची, आणि अशा मुलांना कसं शिकवावं हे त्यांच्या शिक्षकांना सांगायची. त्याचे ती पैसे घेत नसे. आत्ता ती खिडकीबाहेर बघत होती.

मागच्या रविवारी पिंकीच्या वडलांनी, गुलाबसिंगनं, अट घातली होती. दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जाणार होते. "पोरीनं वाचून दाखवलं तं इथं आजीपाशी ठेवतो. नाही तं सहावीपर्यंत बसून काय फायदा? आमच्यासंग येईन, मोळ्या उचलीन."

योगिनीनं समजावलं होतं. पोरगी हुशार आहे. हा डिस्लेक्सिया आहे, आळस नाही. नीट शिकवलं तरी वाचायला अजून दोन वर्षं लागतील.

"तोंड तं मस्त चालते तिचं," गुलाबसिंग म्हणाला होता. "मेंदूच काहून थांबते?"

तो गेल्यावर सरांनी मार्ग काढला. "मॅडम, तुमीच तं शिकवलं मले, अशा लेकराइचा कान पक्का असते. एक धडा कानानं पाठ करून घेऊ."

योगिनी हो म्हणाली नव्हती. नाहीसुद्धा म्हणाली नव्हती.

धडा संपला. हिरीबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. गुलाबसिंगनं मांडीवर थाप मारली.

"वा गं माही वाघीन! सर, मानलं तुमाले. मी तं गधीच मनत व्हतो इले."

पिंकी त्याच्याकडे बघत राहिली.

"मंग पक्कं ना?" सर हसत म्हणाले. "पिंकी इथंच राह्यते."

"इथं कायले?" गुलाबसिंगला खरंच नवल वाटलं. "वाचता आलं ना. आता तं न्यावंच लागते. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजली का पावती भेटते. टोळीत वाचनारं कोनी नाही. कोनाच्या नावाची पावती, मुकादम सांगते तेच खरं. औंदा माही पोरगी काट्यापाशी उभी. मुकादमाच्या तोंडासमोर वाचते पावती!"

सर योगिनीकडे बघू लागले.

"गुलाबसिंगभाऊ," योगिनी म्हणाली, "तिला वाचता येत नाही. धडा आम्ही पाठ करून घेतला. चूक आमची आहे, तिची नाही."

पिंकीनं मान खाली घातली.

गुलाबसिंगनं पिंकीकडे पाहिलं. मग हसला. "मॅडम, आमी अडानी हावो, बहिरे नाही. या कानानं आयकलं. पोरगी गेली तं शाळेचा पट कमी व्हते, मनून फिरले ना तुमी?"

"पटाचं नाही, भाऊ. तिथं सगळ्यांसमोर तिच्या हातात पावती दिली, आणि—"

"मंग दुसरं पुस्तक द्या तिले. आत्ताच समजते."

"राहू द्या ना, मॅडम," सर हळू आवाजात म्हणाले.

योगिनीनं कपाटातून विज्ञानाचं पुस्तक काढलं. पिंकीनं कधीच ऐकलं नसेल असं पान शोधलं. चाचणी अशीच घ्यायची असते. ते पान तिनं पिंकीच्या मांडीवर उघडून ठेवलं.

पिंकीनं पानाकडे पाहिलं. मग वडलांकडे. तो पुढे सरकून बसला होता.

"एका गावात एक मुलगी होती," पिंकी स्पष्ट, पुस्तकी मराठीत म्हणाली. "ती आपल्या वडिलांबरोबर परगावी गेली. तेथील सर्व लोक तिला विचारूनच काम करीत असत."

"कुठं अडली सांगा!" गुलाबसिंग योगिनीला म्हणाला. "सांगा ना, मॅडम."

सर फळ्याकडे वळले.

हिरीबाई लेकीला खेटून बसली आणि कौतुकानं पुस्तकात डोकावली. पानावर बेडकाची चित्रं होती. आधी अंडी, मग शेपटीवालं पिल्लू, मग बेडूक. मुलगी कुठंच नव्हती. गाव नव्हतं. हिरीबाईनं चित्रं पुन्हा एकदा पाहिली. मग मान वर करून योगिनीकडे पाहिलं.

नवऱ्याचं लक्ष नव्हतं. तिनं पदराचं टोक हळूच ओढून बेडकांवर पसरलं.

पिंकी वाचतच राहिली.