अर्धा कोयता

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा. मुकादमाच्या टोळीचं ॲप मी बीडमध्ये बसून सांभाळते. आई उन्हाळ्यात वारली, तेव्हा बाबांच्या नावापुढं ‘अर्धा कोयता’ मीच लिहिलं. टोळी तोडीला निघायच्या दिवशी सकाळी गावाहून, उमापूरहून, बाबांचा फोन आला. “पोरी, डायवरच्या मोबाइलवर माझा अजून अख्खा कोयता दिसायलाय. गडी नवा हाय, ‘मावशी आल्याबिगर गाडी हलवत न्हाई’ म्हणतो. तुझी आई गेल्याचं मला सांगवंना.” नोंद मी बदलली होती, पण ॲपनं साठवलेलं जुनंच पान त्याच्यापुढं येत होतं, ती साठवण, म्हणजे ॲपची कॅश, पुसायला हवी होती. “थांबा, आता पुसते,” मी म्हणाले. पलीकडं गाडीचं इंजिन घरघरत होतं. माझं बोट बटणावर गेलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, “राहू दे जरासं.” “कावून?” “इतके दिवस तिची वाट म्या एकट्यानंच बघितली. आज डायवर बी बघायलाय.”