पांढरा कागद

शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद मी चोपडा गावात बरीच वर्षं विकतोय. रंगासाठी गिऱ्हाईक कधी अडून बसत नाही, सगळे काळाच नेतात. तोताराम आबांनीही मागे काळाच नेला होता.

परवा आबा आणि सुनंदाबाई पुन्हा आले. तारेची जाळी आणि दोर घेऊन झाले, मग म्हणाले, कागद दाखव.

"जुना फाटला का आबा?"

"नाही."

सुनंदाबाईंनी विचारलं, "भाऊ, बादलीभर पाणी शे का?"

मी पाणी आणून दिलं. त्यांनी काळ्या कागदाचा तुकडा बादलीच्या तळाशी बसवला, पिशवीतून लहान मुलीच्या शाळेचा गडद निळा स्कर्ट काढला आणि हाताने खाली दाबून वाकून पाहिलं. मग निळा तुकडा घालून तसंच. मग पांढरा. मला वाटलं, कागदाचा रंग कपड्याला लागतो का ते बघताहेत.

"अक्का, रंग नाही सुटत. पण पांढरा नका नेऊ. शेवाळ असो, पालापाचोळा असो, तळाचं सगळं वरून दिसतं."

"पांढराच द्या." त्या स्कर्ट पिळू लागल्या. "हा धाकट्या नातीचा शे."

मी कागद मोजायला घेतला.



आबा बाहेर बघत म्हणाले, "मोठीला आम्ही दिवसभर केळीत शोधत होतो. तळ्याच्या काठावरून ये-जा करत."