तोर्लाइवची गढूळ बिअर

पहिलं पिंप गुरोनं सरळ मोरीत ओतून दिलं. बिअरला खवट लोण्याचा वास येत होता, आणि पेला उजेडात धरला तर पलीकडची खिडकीही दिसत नव्हती.

"अगदी तोर्लाइवच्या हातची झाली बघ," ती म्हणाली.

शेजारचा स्यूर हसला नाही. तोर्लाइव, तिचा नवरा, बर्फ वितळायला लागलं तेव्हा वारला होता.

नॉर्वेतल्या त्या खोऱ्यात नाताळापूर्वी घरोघरी बिअर करतात आणि एकमेकांकडे जाऊन चाखतात. तोर्लाइवकडे मात्र लोक नुसते ओठ ओले करून उठायचे. गाईला पाज म्हणून कुणी तोंडावर सांगितलं, तरी तो टोपी मागे सारून हसायचा. चारचौघांत सगळ्यात बोचरे टोमणे गुरोचेच असत. आता तेच तिला खात होतं.

"त्याच्या पिंपातून एकदा तरी चांगली बिअर निघू दे," ती म्हणाली. "त्याच्या नावानं."

"राहू दे ना, गुरो. या वर्षी कॉफीच ठेव."

ती ऐकेना. शेवटी स्यूर शिकवायला तयार झाला, पण मनाविरुद्ध. त्याच्या सांगण्यावरून तिनं जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या उकळून त्या कढत पाण्यानं पिंप धुतलं. मागच्या खेपेला घाईनं थंड केल्यामुळे लोण्याचा वास राहिला होता, म्हणून या वेळी खमिराला उबेत काम पुरं करू दिलं. मग काठोकाठ भरलेलं पिंप गार तळघरात ठेवलं आणि गाळ खाली बसेपर्यंत त्याला धक्का लागू दिला नाही.

रोज ती चाखून बघायची. निवळतेय की नाही, कळायला नको?

फार वर्षांपूर्वी बाळ दगावलं, त्या हिवाळ्यात ती बेसुमार प्यायला लागली होती. शेजारणींनी तिला बर्फातून उचलून घरी आणलं होतं. पुढे ते आपसूकच सुटलं. दारूचं दुकान डोंगरापलीकडे आणि घरातली नवऱ्याची बिअर घशाखाली उतरेना, मग काय करणार, असं ती हसून सांगायची.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी स्यूर आला. तिनं दिलेला पेला त्यानं खिडकीशी धरला. बिअर मधासारखी नितळ होती. त्यानं एक घोट घेतला.

"ही तोर्लाइवचीच," तो म्हणाला.

"त्याची कुठली अशी?"

"माझ्या तळघरात करायचा. माझी म्हणून लोक नावाजतात ना, ती त्याचीच. इथल्या पिंपात मात्र नासलेली बिअर ओतायचा, गाळ ढवळून ठेवायचा. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती त्यानं."

गुरो हसायला गेली, पण हसू आलं नाही.

"आणि जन्मभर माझी बोलणी खाल्ली? मुकाट्यानं? कशासाठी?"

स्यूरनं पेला खिडकीत ठेवला. तो तिच्या तळघरात उतरला. ती मागोमाग गेली. तो पिंपावर बोटानं ठोकत होता, वरून खाली. आवाज पोकळ येत राहिला, थेट तळापर्यंत.