दुसऱ्यांचे पणजोबा

"हे बघा, माझे पणजोबा!" मार्जरी ओरडली. इंग्लंडात, डॉर्सेटमधल्या आमच्या खेड्यातली हौशी मंडळी गावाचा इतिहास शोधत चर्चमागच्या कबरींवरचं शेवाळ घासत होती. मीही घासत होते, दुसऱ्यांचे पणजोबा.

मार्जरीनं त्या दगडाला टेकून थर्मास उघडला, जशी काही माहेरीच आली होती. माझा नुसता जळफळाट झाला.

"तुझ्या डॉक्टरांचा दगड इथं असता, तर तोही घासला असता गं," ती मायेनं म्हणाली. तेच जास्त झोंबलं. ह्यांनी जन्मभर याच गावाला तपासलं. पण ते गेल्यावर, रीत म्हणून, मी अस्थी नाशिकला नेल्या आणि सगळ्या गोदावरीत सोडल्या. इथं चिमूटभरही ठेवल्या नाहीत.

संध्याकाळी मुलगा न्यायला आला. गाडीत बसता बसता मी म्हटलं, "केदार, माझ्या अस्थी नाशिकला न्यायच्या नाहीत. इथंच पुरायच्या, आणि दगडावर आधी बाबांचं नाव घालायचं."

"आई, आज काय हे भलतंच?"

मी काच खाली करून कबरींकडे पाहिलं. "आणि नीट ऐक. दगड मार्जरीच्या पणजोबांपेक्षा वीतभर उंच हवा."