एकोणीस नंबरचा वाफा

एकोणीस नंबरची बाटली नाकाशी नेली आणि बाईंनी झटक्यात मान मागे घेतली. चिरडलेले ढेकूण, त्यावर ओलं कुत्रं. दुसऱ्यांदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं, तेच. त्यांनी बाटलीला बूच ठोकलं, ती टेबलाच्या पार टोकाला सरकवली आणि खिडकी उघडली. बोटं रुमालाला पुसली, पुन्हा पुसली, तरी घाण काही सुटेना.

तेलाच्या कारखान्याच्या बागेत बाई बावीस वर्षं वास पारखत होत्या. माणसं पाठीमागे त्यांना ‘नाक’ म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. यंदा एकाच रानझुडपाची रोपं चोवीस टेकड्यांवरून आणून चोवीस वाफ्यांत लावली होती. पान तेच, जांभळं फूल तेच, उंचीही तीच, कमरेएवढी. नुसत्या डोळ्यांनी कोणाच्या बापाला फरक कळला नसता. वास मात्र दर टेकडीचा वेगळा. एकाला लिंबाचा, एकाला कापराचा, एकाला दवाखान्याच्या जिन्याचा. ताज्या पाल्याचं तेल बाटलीतून बाईंपुढे येई. त्यांनी एक निवडायचं, बाकीचे तेवीस वाफे उपटायचे. साहेबांना जागा हवी होती.

बाटल्यांवर फक्त आकडे होते. कुठला आकडा कुठल्या टेकडीचा, ती यादी पाकिटात बंद करून साहेबांच्या कपाटात ठेवली होती. हा नियम बाईंनीच घालायला लावला होता, कारण चोवीसांतली एक टेकडी त्यांच्या गावामागची होती. रोपं आणून वर्षही झालं नव्हतं तोच खडी काढणाऱ्यांनी ती टेकडी बुडापासून फोडून नेली. तिथलं झुडूप आता जगात उरलं होतं ते या बागेतल्या एका वाफ्यात.

“माझा माझ्यावरच भरवसा नाही,” त्या साहेबांना म्हणाल्या होत्या. “आपलं म्हणून वशिला लागायला नको.”

खरं म्हणजे वशिल्याची गरजच पडणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आईच्या कपड्यांच्या पेटीतला तो वास त्यांना पाठ होता. आई टेकडीवरून झुडपाच्या जुड्या आणायची. ओली जुडी मात्र घरात येऊ द्यायची नाही. लांब मागच्या छपराखाली आठ-दहा दिवस टांगायची, पोरींना तिकडे फिरकू द्यायची नाही, आणि वाळलेल्या काड्याच तेवढ्या कपड्यांच्या घड्यांत ठेवायची. पेटी उघडली की मधात भिजवलेल्या संत्र्याच्या सालीसारखा वास खोलीभर पसरे. चार नंबरच्या बाटलीत जवळजवळ तोच होता. ती बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. हाच आपला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

बाटल्या न्यायला म्हातारा माळी आला.

“चार ठेवा,” बाई म्हणाल्या. “बाकीचे सावकाश काढा. एकोणीस मात्र आजच. त्या बाजूने जायची शिसारी येते मला.”

“थोडं थांबू या का, बाई? कशी टवटवीत आहेत झाडं. रानातली आहेत, त्यांचा वास असा घाईने कळतो होय?”

“घाण ती घाण. उपटा.”

संध्याकाळपर्यंत एकोणीसची बारा झुडपं मुळांसकट शेडमागे जाऊन पडली. बाईंनी घरी जाऊन दोनदा आंघोळ केली. पुढच्या दिवसांत बाकीचे वाफे ट्रॉलीत भरभरून बाहेर गेले. एकोणीसचा ढीग मात्र कोणी ट्रॉलीत घेईना. लोक नाक दाबून लांबूनच वळत.

नवव्या दिवशी शेवटचा वाफा रिकामा झाला आणि साहेबांनी पाकीट फोडलं. चार नंबर नदीपलीकडच्या टेकडीचा निघाला. तिकडे बाई जन्मात गेल्या नव्हत्या. त्यांचं बोट यादीवरून खाली घसरत गेलं आणि एकोणीसवर थांबलं.

“यादी चुकली आहे,” त्या म्हणाल्या.

“पाकिटावर सही तुमचीच आहे, बाई.”

“ते गटार माझ्या आईच्या पेटीत असणं शक्य नाही. थांबा, आणूनच दाखवते.”

नाकावर रुमाल दाबून त्या तरातरा शेडमागे गेल्या. एक फांदी आणून साहेबांच्या टेबलावर आपटायची होती. माळी काडेपेटी हातात घेऊन ढिगाजवळ उभा होता. नऊ दिवसांच्या उन्हाने ढीग तपकिरी पडला होता. बाईंनी एक फांदी ओढली, ती कटकन मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली. एका मुळाची साल त्यांनी नखाने खरवडली. आत हिरवं काही नव्हतं.

“पेटवणार होतो,” माळी म्हणाला, “पण हात धजेना. रुमाल काढा, बाई. वाळल्यावर बघा किती गोड वास सुटलाय.”

बाईंनी रुमाल काढला. तोच मध. तीच संत्र्याची साल. आई ओली जुडी घरात का येऊ देत नव्हती ते त्यांना कळलं. त्यांनी छाती भरून एक श्वास घेतला आणि तिथेच वाकून त्या भडाभडा ओकल्या.