तारांची उंची

“माझ्या बेस गिटारला हात कुणी लावला?” शाल्मली कडाडली.

“मी,” बँडमधला पुष्कर कौतुकाच्या अपेक्षेने हसला. “गेल्या रविवारी सरावानंतर इथेच ठेवून गेलीस ना? तारा दांडीपासून केवढ्या उंच होत्या! खाली घेतल्या. आता नाजूक बोटांना त्रास नाही.”

नाजूक! त्याच उंच तारांवर बोटं सोलवटून घेत तिने हे घट्टे कमावले होते. तिने गिटार अँप्लिफायरला जोडली आणि नेहमीच्या जोराने तार छेडली. खाली आलेली तार दांडीवर आपटून खरखरली.

“अगं, जरा हळू वाजव ना,” पुष्कर समजावू लागला.

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळू बोल, हळू हस, हळू चाल, ऐकून ऐकून कान किटले होते. आता इथेही?

तिने बॅगेतून तारांचे स्क्रू फिरवायची बारकी एलन की काढून चारही तारा आधी होत्या तेवढ्या उंच केल्या, सुरात लावल्या. मग सगळा जीव एकवटून सर्वांत जाड तार छेडली. भरदार, स्वच्छ स्वर घुमला आणि खिडकीची तावदानं थरथरली.

पुष्करचे ओठ नुसतेच हलताना दिसले.

“काय?” ती ओरडली. “जरा मोठ्याने बोल ना!”